तुऱ्याचं पाखरू पाळायचं म्हणताय?

तायांनो, मागच्या महिन्यात चारठाण्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही बंद करणार तेवढ्यात एका ताईंनी मोबाईल पुढे केला. "मॅडम, हे पाखरू पाळलं तर चालतंय का? पोरगा मागं लागलाय, जोडी आणू, पिल्लं काढू म्हणतोय. गटातून कर्ज मिळंल का?" फोटोत डोक्यावर तुरा, गालावर केशरी टिकली असलेलं राखाडी पाखरू होतं. याचं नाव कॉकाटील, बाजारात कॉकटेल म्हणतात. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. नंतर वाचलं, विचारलं, ते इथं लिहिते.

आधी कायद्याचं. आपला हिरवा मिठू पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, मग तो कितीही लाडाचा असो. झाडाच्या ढोलीतून पिल्लं काढून विकणाऱ्याकडून घेणंही त्यातच आलं. कॉकाटील मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढवलेला, त्यामुळे तो पाळता येतो. घेताना पावती मात्र मागा. आणि पिल्लं कायम विकायचा धंदा करायचा असेल तर 2018 च्या पेट शॉप नियमांप्रमाणे नोंदणी लागते, हे विकणारे सहसा सांगत नाहीत.

आता पाळण्याचं. हे पाखरू नीट सांभाळलं तर पंधरा-वीस वर्षं जगतं. म्हणजे आज पाचवीतल्या पोरासाठी आणलं, तर त्याच्या लग्नातही ते घरात असेल! खायला बाजरी, राळं, थोडी ज्वारी, मेथी-कोथिंबीर, शेवग्याचा पाला. करडई आणि सूर्यफूल तेलकट, म्हणून चिमूटभरच. पिंजरा चुलीजवळ नको, धूर त्याला सोसत नाही. नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याच्या वाफेनं पाखरू मरतं. याच्या पिसांतून पांढरी भुकटी झडते, घरात कुणाला दमा असेल तर विचार करा. आपल्याकडचा मे महिना तर सगळ्यांत अवघड. पत्र्याखाली ठेवू नका, ओसरीवर सावलीत ठेवा, बाजूला ओलं बारदान बांधा.

पिल्लं काढायची घाई बहुतेकांना नडते. मादी दीड वर्षाची होईपर्यंत थांबा. राखाडी जातीत मोठ्या नराचं तोंड पिवळंधमक असतं आणि तो शीळ घालतो. मादीचं तोंड मळकट, शेपटीखाली पट्टे. साधारण फूटभर लांबी-रुंदीची लाकडी पेटी, तळाशी रंधा मारलेला भुसा. मादी एका दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते आणि तीन आठवड्यांत पिल्लं निघतात. गंमत म्हणजे दिवसा नर उबवतो, रात्री मादी. (आपल्याकडं हे वाचून दाखवा कुणाकुणाला!) वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा पिल्लं काढली की मादी खंगते. अंगातलं कॅल्शियम कमी पडलं की अंडं आत अडकतं. मादी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसली, जोर करताना दिसली, तर ऊब द्या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. यासाठी समुद्रफेस किंवा उकळून, वाळवून, कुटलेली अंड्याची टरफलं कायम ठेवायची.

प्रदर्शनात भाग घ्यायची हौस असेल तर पिल्लू आठ-दहा दिवसांचं असतानाच पायात वर्षाचा आकडा असलेली बंद कडी घालतात. मोठं झाल्यावर ती पायात जात नाही, म्हणून वयाबद्दल खोटं बोलता येत नाही. परीक्षक तुरा, अंगलट, बसायची ढब, शेपटी आणि पिसांची चमक बघतात. घाबरून फडफडणारं पाखरू मागं पडतं, म्हणून लहान पिंजऱ्यात बसायची सवय आधीपासून लावतात. पिवळसर-पांढऱ्या लुटिनो जातीत तुऱ्यामागं टक्कल असतं. दोन्ही लुटिनोच जोडले तर ते पिल्लांत वाढू शकतं. म्हणून जाणकार एक राखाडी जोडीदार घेतात.

आणि कर्ज? माझं मत सरळ आहे: गटाच्या पैशातून नको. खेड्यात याला गिऱ्हाईक नाही, शहरात भाव पाखराच्या रंगावर आणि विकणाऱ्याच्या ओळखीवर ठरतो. "पिल्लं आम्हीच परत घेऊ" म्हणणाऱ्यावर तर लेखी कागदाशिवाय विश्वासच ठेवू नका. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यात मुरुंब्याला बर्ड फ्लू आला तेव्हा कोंबड्यांचं काय झालं, ते आठवा. ज्यांच्याकडं कोंबड्या आहेत त्यांनी हा पिंजरा त्यांच्यापासून लांब ठेवावा, दोन्हीकडं जाताना हात धुवावेत.

त्या ताईंच्या मुलाला मी सांगितलं, स्वतःच्या पैशानं एक जोडी आण, पेटी लगेच लावू नको, आधी एक उन्हाळा काढून दाखव. तो सध्या पिंजऱ्यासाठी जाळी बघायला जिंतूरला चकरा मारतोय. ताई म्हणतात, नाव आत्ताच ठरलंय, पाखरू यायचंय.