इंग्रजी कागदपत्रांतील ब्रिटिश व अमेरिकन भेद

इंग्रजी भाषेचे ब्रिटिश व अमेरिकन असे दोन प्रकार आहेत, हें सर्वश्रुत आहे. परंतु कागदपत्रांचा अर्थ लावतांना या भेदावर किती विसंबावें व कोठें सावध राहावें, हा प्रश्न निराळा असून संशोधकाच्या दृष्टीनें महत्त्वाचा आहे.

कित्येक वाचक केवळ वर्णलेखनावरून कागदाचें मूळ ठरवितात. 'ऑनर' या शब्दांत 'यू' हें अक्षर असलें तर लेखक ब्रिटिश, नसलें तर अमेरिकन! अठराव्या शतकास ही कसोटी मुळींच लागू पडत नाहीं. १७७६ सालच्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याची चर्मपत्रावरील सह्यांची प्रत पाहावी. तींत 'एंडेव्हर्ड' व 'नेबरिंग' हे शब्द 'यू' घालून लिहिलेले आहेत, आणि अखेरच्या वाक्यांतील 'ऑनर' मात्र 'यू' वांचून आहे. एकाच कागदांत दोन्ही रीती! सॅम्युअल जॉन्सननें आपल्या १७५५ च्या कोशांत हें अक्षर राखलें. नोहा वेब्स्टरनें १८०६ व १८२८ च्या कोशांत तें गाळलें. वेब्स्टरच्या सर्वच सुधारणा त्याच्या देशबांधवांस रुचल्या, असेंहि नाहीं. जीभ या अर्थाच्या 'टंग' शब्दाचीं शेवटचीं दोन अक्षरें त्यानें छाटलीं, तीं लोकांनीं परत जोडलीं. 'फॉल' (शरदृतु) व 'गॉटन' हीं आज अमेरिकन म्हणून ओळखलीं जाणारीं रूपें तर जुन्या इंग्लंडांतीलच होत.

खरा धोका आहे तो रूपानें एक व अर्थानें भिन्न अशा शब्दांत. ब्रिटिश लेखनांत 'कॉर्न' म्हणजे सामान्यतः धान्य, आणि इंग्लंडांत बहुधा गहू. अमेरिकेंतील वसाहतवाले मक्यास प्रथम 'इंडियन कॉर्न' म्हणत. पुढें विशेषण गळून 'कॉर्न' म्हणजेच मका झाला. १८१५ ते १८४६ पर्यंत इंग्लंडांत ज्यांवरून एवढें राजकारण माजलें, त्या 'कॉर्न लॉज'ना मक्याचे कायदे म्हटल्यास सारा इतिहासच हास्यास्पद होईल.

'टेबल' या क्रियापदाची कथा याहून बोधक आहे. ब्रिटिश रिवाजांत त्याचा अर्थ विषय चर्चेस मांडणें. अमेरिकन रिवाजांत तो बाजूस सारणें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनीं एक तातडीचें टिपण 'टेबल' करण्याची इच्छा दर्शविली व अमेरिकनांनीं तीस विरोध केला. दोघांच्याहि मनांत एकच गोष्ट होती हें ध्यानांत येईपर्यंत बराच कडवट वाद झाला, असें चर्चिलनें आपल्या युद्धेतिहासाच्या तिसऱ्या खंडांत नमूद केलें आहे. आपल्या विधिमंडळांत कागद 'पटलावर ठेवतात', तें ब्रिटिश वळणास धरून होय.

आंकड्यांत तर चूक सहस्रपट होते. जुना ब्रिटिश 'बिलियन' म्हणजे एक लक्ष कोटि. अमेरिकन 'बिलियन' शंभर कोटि. १९७४ सालीं पंतप्रधान हॅरॉल्ड विल्सन यांनीं सरकारी आंकडे अमेरिकन अर्थानेंच दिले जातील असें जाहीर केलें. त्यापूर्वींचा ब्रिटिश ग्रंथ उद्धृत करतांना कोणता 'बिलियन' अभिप्रेत आहे, हें संदर्भावरून ताडून पाहिल्यावांचून आंकडा उतरून घेऊं नये.

तारखांविषयीं थोडेंच सांगावयाचें. ४-७-१९४४ ही ब्रिटिश रीतीनें ४ जुलै, अमेरिकन नागरी रीतीनें ७ एप्रिल. अमेरिकन सैन्य मात्र दिवस आधीं व महिना अक्षरांनीं लिहितें, हा अपवाद ध्यानांत ठेवावा. संशय आल्यास त्याच लेखकाचा, महिन्याच्या १२ तारखेनंतर लिहिलेला दुसरा कागद शोधावा. त्यावरून त्याची रीत उघड होते.