परमुलखात अटक झाली तर

पीक घरात आले की आपल्या भागातली माणसे देवदर्शनाला निघतात. कोणी तिरुपतीला जातो, कोणी बासरच्या सरस्वतीला, कोणी मेडारामच्या जत्रेला. बल्लारशाहला गाडीत बसले की थोड्या वेळाने महाराष्ट्र मागे पडतो आणि तेलंगण लागते. दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरे बदलतात. प्रवास आनंदाचा असतो. अशा वेळी पोलीस आणि कोर्ट यांचा विचार कोण करतो? आम्हीही कधी केला नव्हता.

गेल्या वर्षी एका रात्री अकराच्या सुमाराला आमचे दार वाजले. दारात आमच्या रात्रीच्या वर्गातल्या एका गृहस्थांचा मुलगा उभा होता. हे गृहस्थ पन्नाशीचे. घरची तीन एकर कोरडवाहू. वर्गात सर्वांत मागे बसत, पण त्यांची सही सर्वांत सुबक.

मुलगा म्हणाला, "गुरुजी, बाबाले पोलिसांनी धरलं जी. तिकडं तेलंगणात. मले तं काही समजूनच नाही राहिलं."

झाले होते असे. तिरुपतीहून परत येताना एका स्टेशनावर जागेवरून भांडण झाले. यांनी एकाला ढकलले. तो फलाटावर पडला आणि त्याचे डोके फुटले. रेल्वे पोलिसांनी यांना उतरवून घेतले. बरोबरची मंडळी घाबरून गाडीत बसून राहिली. गाडी सुटली.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. अटक म्हणजे शिक्षा नव्हे. गुन्हा कोर्टात शाबित व्हावा लागतो. तोवर माणूस आरोपी असतो, गुन्हेगार नसतो. आपल्या राज्यघटनेच्या बाविसाव्या कलमात तीन गोष्टी लिहिल्या आहेत. अटक का केली ते माणसाला सांगितले पाहिजे. त्याला वकिलाला भेटू दिले पाहिजे. आणि 24 तासांच्या आत त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले पाहिजे. वाटेतल्या प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. ही घटना दिल्लीला जशी चालते तशीच तेलंगणात चालते आणि तशीच बल्लारपुरात. मुलूख बदलला म्हणून हक्क बदलत नाही.

1 जुलै 2024 पासून फौजदारी कामाचा नवा कायदा लागू झाला आहे. त्याचे नाव भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्यातही हेच आहे. शिवाय अटकेची खबर घरच्या माणसाला किंवा आपण सांगू त्या माणसाला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. बाईमाणसाला सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी अटक करता येत नाही. फार निकडीचे असेल तर मॅजिस्ट्रेटची परवानगी घेऊन, स्त्री पोलीस अधिकाऱ्याकडूनच ती करावी लागते.

अटकेचा एक कागद करतात. त्यावर तारीख, वेळ, एका साक्षीदाराची सही आणि अटक झालेल्याची सही असते. आमच्या गृहस्थांपुढेही असा कागद आला. तो तेलुगूत होता. त्यांनी आपली सुबक सही ठोकली. मग रात्रभर ते कोठडीत जागे राहिले. आपण कशावर सही केली? गुन्हा कबूल तर केला नाही? शेत तर लिहून दिले नाही? पुढे वकिलांनी वाचून पाहिले, तो साधा अटकेचाच कागद होता. काही बिघडले नव्हते. पण हे ऐकून आम्हाला वाईट वाटले. सही करायला आम्हीच शिकवली होती. कशावर करू नये, हे शिकवायचे राहून गेले होते.

मराठी वाचता येणारा माणूस तेलुगू मुलखात पुन्हा निरक्षर होतो. आम्ही चाळीस वर्षे शाळेत शिकवले, आम्हीही तिथे निरक्षरच. म्हणून अशा वेळी कागद समजेल त्या भाषेत वाचून दाखवा, असे हात जोडून पण ठामपणे म्हणावे. कोणी वाचून दाखवत नसेल आणि सही करणे भागच पडले, तर सहीच्या वर मराठीत लिहावे: "मला ही भाषा वाचता येत नाही. मला वाचून दाखवलेले नाही." एवढे लिहायला आपल्या वर्गातला कोणीही शिकलेला आहे. पोलिसांपुढे दिलेल्या जबाबावर तर सही करावीच लागत नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालतही नाही. कोर्टात मात्र साक्षीपुरावे आपल्याला कळतील अशा भाषेत समजावून सांगावे लागतात. ते मागून घ्यावे.

आता आमची चूक सांगतो. आम्ही आणि तो मुलगा दुसऱ्या दिवशी तिथे पोहोचलो. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी दहा हजारांचा जामीन मंजूर केला होता, पण जामीनदार तिथलाच हवा होता. परक्या गावात आमच्यासाठी कोण उभा राहणार? आम्ही दोन दिवस ओळखी काढत फिरलो. बल्लारपुरात तेलुगू बोलणारी कितीतरी घरे आहेत. त्यांच्या पाहुण्यारावळ्यांची नावे शोधली. कोर्टाच्या दारात एक इसम भेटला. तीन हजार द्या, मी जामीन राहतो, म्हणाला. असे भाड्याचे जामीनदार कोर्टापाशी फिरत असतात. त्यांच्या नादी लागू नये. त्यांची कागदपत्रे खोटी निघाली तर आपलाच जामीन जातो. आम्ही पैसे मोजायच्या बेतात होतो, हे खरे सांगायला हवे.

तेवढ्यात एका चहावाल्याने आतल्या विधी सेवेच्या खोलीकडे बोट दाखवले. कोठडीत असलेल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. तो गरीब आहे की श्रीमंत, हे विचारत नाहीत. 1987 च्या कायद्यात ते लिहिलेले आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण असते. आपले चंद्रपूरला आहे. 15100 या नंबरावर फोन केला तरी मदत मिळते. हे पहिल्याच रात्री ठाऊक असते तर आमचे दोन दिवस वाचले असते.

वकीलबाई तरुण होत्या. त्यांनी कोर्टाला मोतीराम नावाच्या गवंड्याचा खटला दाखवला. हा मध्य प्रदेशातला. त्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता. त्याचा भाऊ जामीन राहायला आला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारले. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. 1978 साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला: जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून नाकारता येणार नाही. दूरदेशी पकडलेल्या माणसाने तिथे घरदार असलेला जामीनदार आणायचा कुठून, असे त्यांनी विचारले. मोतीरामला त्याच्या स्वतःच्या हजार रुपयांच्या हमीवर सोडायला सांगितले. पुढे 31 जानेवारी 2023 रोजी सुप्रीम कोर्टाने, स्थानिक जामीनदाराची अट घालू नये, असे पुन्हा सुचवले.

मुलाच्या पिशवीत घराच्या कराची पावती, सातबारा आणि आधार कार्ड होते. निघताना त्याच्या आईने ते कोंबले होते. आम्ही म्हणालो होतो, ओझे कशाला? तेच कामाला आले. चुलत्याला बोलावून जामीन राहायला लावले. पाचव्या दिवशी गृहस्थ बाहेर आले. तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला जवळ असता तर एक दिवस आणखी वाचला असता.

बाहेर आले म्हणजे सुटले नव्हेत. खरी ओढाताण इथून पुढे असते. प्रत्येक तारखेला गाडीभाडे, बुडालेली मजुरी. कंटाळून माणूस तारीख चुकवतो. मग वॉरंट निघते, जामीनदाराला पैसे भरावे लागतात आणि एक दिवस पोलीस बल्लारपुरात दारी येतात. यावर उपाय आहे. दर तारखेला स्वतः हजर न राहता वकिलामार्फत हजर राहू द्यावे, असा अर्ज करता येतो. परवानगी देणे कोर्टाच्या हातात असते. मिळेपर्यंत मात्र जावेच लागते.

काही जण म्हणतात, गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. दंड भरला की शिक्षा झाल्याची नोंद होते. नोकरीच्या अर्जात तसे लिहावे लागते. पोरगा पोलीस भरतीला उभा राहणार असेल, तर त्याने हे फार जपावे. मार साधा असेल तर मार खाल्लेल्या माणसाशी रीतसर तडजोड करता येते. ती वकिलामार्फत कोर्टातच करावी, स्टेशनाबाहेर नव्हे.

आणि गाडीत कोणी अनोळखी माणसाने पिशवी सांभाळायला दिली, तर घेऊ नये. गांजा निघाला तर भांडणापेक्षा फार मोठे प्रकरण होते. जामीनही लवकर मिळत नाही.

आमच्या गृहस्थांची तारीख अजून चालू आहे. मार खाल्लेला माणूस तडजोडीला तयार आहे, असा वकीलबाईंचा निरोप आला. पुढची तारीख पोळ्यानंतर आहे. त्यांना स्वतः जावे लागणार आहे. या खेपेला त्यांनी वर्गातल्या वहीचे एक पान फाडून त्यावर वकीलबाईंचे नाव, मुलाचा नंबर आणि 15100 असे स्वतः लिहून खिशात ठेवले आहे.