सहा मिनिटांचं गणित

दोस्तांनो, सुट्टीत ठाण्याहून किंवा डोंबिवलीहून गाडीने पुण्याला गेला असाल, तर द्रुतगती मार्गावरच्या आडव्या कमानी आणि त्यांवरचे कॅमेरे तुम्ही पाहिले असतील. कमान दिसली की गाड्या कशा शहाण्यासारख्या हळू होतात! कमान मागे पडली की पुन्हा सुसाट. सर वर्गात आले की पुस्तकात डोकं, सर गेले की दंगा, तसंच हे!

पण जुलै २०२४ मध्ये तिथे जी नवी यंत्रणा सुरू झाली, तिच्यापुढे ही हुशारी चालत नाही. का? कारण तिला तुमच्या गणिताच्या पुस्तकातलं सूत्र येतं : वेग म्हणजे अंतर भागिले वेळ. एक कॅमेरा गाडीचा नंबर आणि वेळ टिपतो, पुढचा कॅमेरा पुन्हा टिपतो. समजा, दोन कॅमेऱ्यांमध्ये १० किलोमीटर अंतर आहे आणि वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर. मग या प्रवासाला निदान ६ मिनिटं लागलीच पाहिजेत. गाडी ५ मिनिटांत पोचली, तर सरासरी वेग झाला १२०! कॅमेऱ्यापुढे कितीही ब्रेक दाबला, तरी चलान येणारच.

गंमत म्हणजे, असं वेग मोजणारं यंत्र पहिल्यांदा बनवणाऱ्यांपैकी एक होता चक्क शर्यतीतला ड्रायव्हर! हॉलंडच्या मॉरिस गात्सोनिडेसने १९५३ साली प्रसिद्ध माँटे कार्लो रॅली जिंकली होती. वळणावर आपली गाडी आणखी जोरात कशी नेता येईल, हे कळावं म्हणून त्याने यंत्र तयार केलं. पुढे ते पोलिसांच्याच कामी आलं!

पण वेगाची एवढी काळजी कशासाठी? धोका दिसल्यावर पाय ब्रेकवर जायला साधारण एक सेकंद लागतो. तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते. त्यात वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. कोरड्या रस्त्यावर ताशी ६० वेगाची मोटार थांबेपर्यंत क्रिकेटच्या जवळजवळ दोन खेळपट्ट्या ओलांडते. १२० ला साडेपाच! पावसात त्याहून जास्त.

आपल्याकडे हे विशेष लक्षात ठेवायला हवं. ५ जून २०२५ पासून नागपूरचा समृद्धी महामार्ग थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत आला आहे. तिथे मोटारींना सपाट भागात १२० ची मुभा आहे. तासन् तास त्या वेगाने आलं, की डोळ्यांना सवय होते आणि ८० सुद्धा हळू वाटू लागतं. आणि पुढे लागतात आपल्या गावांचे, नाक्यांचे रस्ते. तिथे कुणी आजी रस्ता ओलांडत असते, कुणी सायकलवरून शाळेत निघालेलं असतं. कॅमेरा फार तर फोटो काढेल. गाडी थांबवणार नाही. ती थांबवायची चालवणाऱ्यानेच.

मग मागच्या सीटवर बसून तुम्ही काय कराल? महामार्गावरचे किलोमीटरचे दगड पाहा आणि घड्याळ लावा. एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत ६० सेकंद लागले, तर वेग ६०. ३६ सेकंद लागले, तर १००. आणि ३० सेकंदच लागले, तर हळूच म्हणा, "बाबा, १२० झालेत हं!"