संशोधकाचा आत्मविश्वास

पाठ्यपुस्तकातील उदाहरणाचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी दिलेले असते. संशोधनाच्या प्रश्नाचे उत्तर मार्गदर्शकालाही ठाऊक नसते. मग डॉक्टरेटसाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्याच्या अंगी स्वतःच्या निरीक्षणावर विसंबण्याचे बळ येते तरी कोठून? केंब्रिज येथील एका शोधाची हकीकत या दृष्टीने उद्‌बोधक आहे.

उत्तर आयर्लंडमधील जोसलिन बेल ही तरुणी १९६५ साली केंब्रिज विद्यापीठात दाखल झाली. आपली निवड चुकून झाली असावी, असे भय तिला वाटे; पुढे तिने स्वतःच तसे सांगितले आहे. त्या भयावर तिने एकच उपाय योजिला : प्रत्येक काम कसून करावयाचे. पहिली दोन वर्षे अँटनी ह्यूइश यांच्या मार्गदर्शनाखाली रेडिओ दुर्बीण उभारण्यात गेली. सुमारे साडेचार एकर जमिनीवर खांब रोवून तारा जोडण्याच्या कामात तीही होती.

१९६७ च्या जुलैत दुर्बीण सुरू झाली. रोज सुमारे ३० मीटर कागदावर आलेख उमटे आणि बेल तो डोळ्यांनी तपाशी. आकाशातून आलेल्या लहरी व पृथ्वीवरील यंत्रांचा उपद्रव यांतील भेद तिच्या नजरेत हळूहळू बसत गेला. म्हणूनच ऑगस्टमध्ये या दोहोंतही न बसणारी एक बारीकशी खूण तिला खटकली. अशी खूण आकाशाच्या त्याच भागातून पूर्वीही आली होती, हेही तिला आठवले. तारे रोज सुमारे चार मिनिटे अगोदर उगवतात. खूणही तोच क्रम पाळीत होती. ह्यूइश यांना ती मानवनिर्मित वाटली. तेव्हा कागद अधिक वेगाने फिरवून नोंद घ्यावी असे ठरले. २८ नोव्हेंबरला सुमारे १.३३ सेकंदांच्या अंतराने येणारे ठोके स्पष्ट उमटले. डिसेंबरमध्ये आकाशाच्या दुसऱ्याच भागात तसाच आणखी एक उगम तिला सापडला आणि शंका फिटली. हे स्पंदक तारे, म्हणजेच पल्सार, होत.

येथे आत्मविश्वास आधी व कौशल्य मागाहून, असे घडले नाही. यंत्र स्वतः उभारल्यामुळे त्याचे दोष तिला ठाऊक होते. सरावाने नजर तयार झाली होती. आणि मार्गदर्शकाच्या शंकेमुळे पुरावा अधिक बळकट झाला.

१९७४ चे नोबेल पारितोषिक मात्र ह्यूइश व मार्टिन राईल यांना मिळाले. बेल यांना त्यात वाटा नव्हता. २०१८ मध्ये त्यांना ३० लक्ष डॉलरचे पारितोषिक लाभले. ती सर्व रक्कम त्यांनी भौतिकीच्या क्षेत्रात ज्यांना सहसा स्थान मिळत नाही, अशा संशोधक विद्यार्थ्यांसाठी देऊन टाकली.