खड्ड्यातून झऱ्याकडे: आर्मेनियातला एक दिवस

आर्मेनियाची राजधानी येरेवान. तिथून एका दिवसाच्या सहलीला निघणाऱ्या पाहुण्यांना बहुधा गार्नी आणि गेगार्द ही जोडी सुचवली जाते. दोन्ही ठिकाणं शहराच्या पूर्वेला एकाच रस्त्यावर आहेत. गार्नी साधारण २८ किलोमीटरवर आणि गेगार्द तिथून आणखी दहाएक किलोमीटर पुढे. सोय उत्तम आहे, पण असं गेलं की गोष्ट मधूनच सुरू होते. गाडी फक्त स्वतःपुरती ठरवली असेल, तर चालकाला सकाळी आधी दक्षिणेला, खोर विरापच्या मठाकडे न्यायला सांगावं. थोडं जास्त अंतर पडतं आणि थोडं लवकर उठावं लागतं. त्या बदल्यात एका देशाने ख्रिस्ती धर्म कसा स्वीकारला, ते घडलं त्याच क्रमाने पाहता येतं. स्वतंत्र गाडीचा खरा फायदा आरामापेक्षा हा क्रम आपल्या हाती राहण्यात आहे.

खोर विरापचा रस्ता अरारातच्या मैदानातून जातो. दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे आणि जर्दाळूच्या बागा लागतात. मग सपाट मुलखातून एक लहान टेकडी वर येते. तिच्यावर मठ आहे आणि मठामागे सगळं आभाळ व्यापून उभा असलेला, बर्फाने झाकलेला अरारात पर्वत. उंची ५,१३७ मीटर. सकाळचं ऊन पूर्वेकडून थेट त्याच्या अंगावर पडतं. दिवस चढला की मैदानातून धुरकट वाफ वर येऊ लागते आणि पर्वत फिका पडतो. लवकर निघायचं ते एवढ्यासाठीही.

मठाच्या आवारात सेंट जॉर्जच्या नावाचं छोटंसं प्रार्थनाघर आहे. त्याच्या जमिनीत एक अरुंद भोक आहे आणि त्यातून लोखंडी शिडी जवळजवळ सरळ खाली उतरते. साधारण सहा मीटर खोलीवर दगडी गोल कोठडी लागते. आर्मेनियन परंपरा सांगते, की ग्रिगोर नावाच्या ख्रिस्ती माणसाला याच खड्ड्यात तेरा वर्षं कोंडून ठेवलं होतं. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आणि बंद जागेची भीती वाटणाऱ्यांनी खाली उतरू नये. उतरलेल्यांनी दोन मिनिटं तरी तिथे थांबावं. हवा जड असते, आणि वर दिसणारं ते भोक फार लहान वाटतं.

ही कथा आगाथांगेलोस या नावाने प्रसिद्ध असलेल्या पाचव्या शतकातल्या ग्रंथातून आली आहे. राजा त्रदात तिसरा हा जुन्या देवतांचा उपासक, आणि ग्रिगोर त्याच्या पदरी. अनाहित देवीला हार वाहायला ग्रिगोरने नकार दिला. त्याचे हाल झाले. पुढे राजाला कळलं, की आपल्या वडिलांचा खून करणाऱ्या माणसाचाच हा मुलगा. मग त्याला खड्ड्यात टाकण्यात आलं. एक विधवा बाई रोज वरून भाकरीचा तुकडा टाकत राहिली, म्हणून तो जगला. दरम्यान रोममधून पळून आलेल्या ह्रिप्सिमे या ख्रिस्ती कुमारिकेवर राजाचं मन बसलं. तिने नकार दिला, तेव्हा त्याने तिला आणि तिच्या सोबतिणींना ठार केलं, आणि तो स्वतः भ्रमिष्ट होऊन रानडुकरासारखा वागू लागला. त्याची बहीण खोस्रोविदुख्त हिला स्वप्नात दिसलं, की खड्ड्यातला ग्रिगोरच त्याला बरं करील. ग्रिगोरला बाहेर काढलं, राजा बरा झाला आणि सगळ्या राज्याने ख्रिस्ती धर्म घेतला.

याची पारंपरिक तारीख इसवी सन ३०१. काही इतिहासकार ती ३१४ च्या आसपास आणतात. कोणतीही धरली, तरी रोमन साम्राज्याच्या तुलनेत ती फार लवकरची आहे. रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाली ३१३ मध्ये आणि राजधर्माचा दर्जा ३८० मध्ये. ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारणारं पहिलं राष्ट्र आपण आहोत, याचा आर्मेनियन माणसाला केवढा अभिमान वाटतो, हे येरेवानमध्ये कुणाशीही थोडं बोललं की कळतं.

त्या अभिमानाला एक दुखरी कडाही आहे. राष्ट्राच्या मानचिन्हावर अरारात आहे, पण पर्वत स्वतः तुर्कस्तानात आहे. मठाच्या तटावरून सीमा अगदी जवळ दिसते आणि ती १९९३ पासून बंद आहे. १९१५ च्या नरसंहारातून वाचून आलेल्यांच्या कित्येक वंशजांची मूळ गावं त्या पलीकडच्या बाजूला आहेत. तटाशी उभं राहून पर्वताकडे पाहणाऱ्या वयस्कर माणसांना घाईने बाजूला सरकायला सांगून फोटो काढू नये.

इथून पुन्हा उत्तरेकडे वळून गार्नीचा रस्ता धरायचा. वाटेत कवी येघिशे चारेंत्स यांच्या नावाची दगडी कमान लागते. १९५७ साली बांधलेल्या या कमानीच्या चौकटीतून अरारात पुन्हा दिसतो. गाडी हळूहळू चढत राहते. येरेवान समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटरवर आहे. गार्नी त्याहून चारेकशे मीटर वर आणि गेगार्द आणखी उंच. उन्हाळ्यातही अंगावर घालायला काहीतरी सोबत ठेवलेलं बरं.

गार्नीला पोचल्यावर डोळे गोंधळतात. समोर चर्च नाही, चोवीस खांबांचं ग्रीक-रोमन देऊळ आहे, तेही काळ्या-करड्या बेसॉल्टचं. इसवी सन ६६ मध्ये पहिला त्रदात रोमला गेला आणि सम्राट नीरोने त्याला आर्मेनियाचा मुकुट घातला. या राजाने सूर्यदेव मिह्र याच्यासाठी हे देऊळ बांधलं असावं, असा बहुतेकांचा समज आहे. ते देऊळ नसून समाधी असावी, असंही मत आहे. १९४५ मध्ये चित्रकार मार्तिरोस सारियान यांना इथे एक ग्रीक शिलालेख सापडला. त्यात सूर्यदेव आणि राजा त्रदात यांची नावं आहेत आणि राज्यारोहणाच्या अकराव्या वर्षाचा उल्लेख आहे. त्यावरून बांधकामाचा काळ इसवी सन ७७ च्या आसपासचा धरतात.

मग एक प्रश्न उरतो. धर्मांतरानंतर देशातली जुनी देवळं पाडली गेली, तर हे एकच कसं राहिलं? रूढ उत्तर असं, की ते राजाच्या बहिणीचं उन्हाळी निवासस्थान झालं. बहीण तीच, स्वप्न पाहणारी खोस्रोविदुख्त. सकाळी तिची गोष्ट ऐकून दुपारी तिच्या घराच्या पायऱ्या चढायच्या, हा योग फक्त खोर विराप आधी पाहणाऱ्यालाच मिळतो. देवळाला अगदी खेटून सातव्या शतकातल्या गोल चर्चचा पाया दिसतो. इथे नव्या धर्माने जुन्याला पाडलं नाही, पण त्याच्या शेजारी आपली जागा ठामपणे घेतली. थोड्या अंतरावर राजवाड्याच्या स्नानगृहातली मोझेक फरशी आहे. तिच्यावर समुद्रदेवतांची चित्रं आहेत आणि राबूनही काही मिळालं नाही, अशा अर्थाची ग्रीक ओळ आहे.

१६७९ च्या भूकंपात देऊळ कोसळलं आणि जवळजवळ तीनशे वर्षं दगडांचा ढीग होऊन पडलं. वास्तुविशारद अलेक्सांद्र साहिनियान यांनी १९६९ ते १९७५ या काळात ते पुन्हा उभं केलं. जिथे मूळ दगड मिळाला नाही, तिथे त्यांनी नक्षी नसलेला कोरा दगड बसवला. जुनं किती आणि नवं किती, हे साध्या नजरेलाही समजतं. जीर्णोद्धाराच्या नावाखाली जुन्या दगडावर ऑइल पेंट फासलेलं पाहणाऱ्या आपल्याकडच्या माणसाने हा प्रामाणिकपणा जरूर निरखावा.

देवळाच्या मागे जमीन एकदम तुटते आणि खाली अझात नदीची दरी दिसते. अनेक प्रवासी वरूनच पाहून परततात, हे वाईट. गावातून खाली जाणारा रस्ता उतरला, की दरीची भिंत समोर येते: शेकडो दगडी स्तंभ, बहुतेक षट्कोनी, काही पंचकोनी, एकमेकांना चिकटून उभे. सर्वांत उंच भिंत पन्नासेक मीटरची आहे. काही ठिकाणी नदीने पायथा खाऊन टाकल्यामुळे स्तंभांची खालची टोकं डोक्यावर लोंबताना दिसतात. या जागेला तिथे ‘दगडांची सिंफनी’ म्हणतात.

हे कोणी कोरलेलं नाही. लाव्हाचा जाड थर थंड होताना आकसतो. आकसताना त्याला भेगा पडतात आणि ताण सगळीकडे सारखा असेल, तर तीन भेगा एका बिंदूत साधारण १२० अंशांनी मिळतात. असं होत गेलं की षट्कोन तयार होतात. थंडावा थराच्या आत शिरतो तशा भेगाही आत शिरतात आणि षट्कोनाचा खांब होतो. महाराष्ट्राचा तर पायाच बेसॉल्टचा, त्यामुळे मराठी माणसाला हा दगड परका वाटायचं कारण नाही. अंधेरीची गिल्बर्ट हिल याच जातीच्या स्तंभांची आहे, आणि वयाने ती गार्नीच्या स्तंभांपेक्षा कितीतरी जुनी, सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांची. आज तिच्याभोवती इमारती दाटल्या आहेत. गार्नीची भिंत पाहताना गिल्बर्ट हिलची आठवण होते आणि मन खट्टू होतं.

दरीच्या पलीकडे खोस्रोव्हचं जंगल सुरू होतं. धर्म बदलणाऱ्या त्रदातचा मुलगा खोस्रोव्ह याने चौथ्या शतकात शिकारीसाठी इथे झाडं लावली, असं जुने इतिहासग्रंथ सांगतात. १९५८ पासून ते राखीव क्षेत्र आहे. रानबकऱ्या आणि कॉकेशसचा दुर्मीळ बिबट्या तिथे आजही आहे. एका दिवसात आत जाणं जमत नाही, पण वरून ते डोंगर पाहताना हे माहीत असावं.

जेवण गार्नीतच करावं. गावातल्या घरांमध्ये जमिनीत पुरलेल्या तोनिर नावाच्या भट्टीत लवाश भाजतात. बाया कागदासारखी पातळ पोळी लांबट उशीवर ताणतात आणि भट्टीच्या तापलेल्या भिंतीवर थापतात. लवाशचा समावेश २०१४ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत झाला. शाकाहारी माणसाने इथे ‘पास’ हा शब्द लक्षात ठेवावा. पास म्हणजे चर्चच्या उपवासाचं जेवण, ज्यात मांस, दूध, अंडी काहीच नसतं. कोबीच्या पानात गुंडाळलेल्या कडधान्यांचा डोलमा त्यातलाच.

गेगार्दला दुपार कलताना पोचावं. मठ दरीच्या टोकाशी आहे आणि अर्धा डोंगरातच शिरलेला आहे. परंपरेने त्याची स्थापनाही ग्रिगोरकडेच जाते, चौथ्या शतकात, एका पवित्र झऱ्यापाशी. दहाव्या शतकात अरबांच्या स्वारीत तो उद्ध्वस्त झाला. आज दिसतं ते मुख्यतः तेराव्या शतकाचं काम: १२१५ चं मुख्य चर्च, आणि त्याला लागून कड्याच्या पोटात कोरलेल्या खोल्या. ख्रिस्ताच्या कुशीत खुपसला गेला असं मानला जाणारा भाला शतकानुशतकं इथे होता, त्यावरून मठाला नाव पडलं. तो आता येरेवानच्या पश्चिमेला असलेल्या एचमियाझिनच्या संग्रहालयात आहे.

कार्ले-भाजे पाहिलेल्या माणसाला गेगार्द लवकर उमगेल. आपल्या लेणीकारांनी दगडात लाकडी इमारतीचं रूप कोरलं. इथल्या कारागिरांनी अखंड खडकात बांधीव इमारत कोरली. एकमेकींना छेदणाऱ्या कमानी, खांब, घुमट, सगळं असं, जणू दगडावर दगड रचून उभं केलंय. घुमटाला मधोमध भोक आहे आणि उजेड तेवढ्यातूनच येतो. गाल्झाग या कारागिराचं नाव तिथे कोरलेलं आहे. प्रोश घराण्याच्या समाधीगृहात साखळीने बांधलेले दोन सिंह आणि खाली कोकराला पंजात धरलेला गरुड भिंतीतून बाहेर आलेले दिसतात. १२८८ मधल्या वरच्या दालनात हलक्या आवाजात गायलेला सूरही बराच वेळ घुमत राहतो. गाणाऱ्यांचा गट असेल तर थांबून ऐकावं.

तो झरा आजही पहिल्या कोरीव चर्चच्या आत वाहतो. लोक त्याचं पाणी डोळ्यांना लावतात, बाटलीत भरून नेतात. बाहेर झाडांना नवसाच्या चिंध्या बांधलेल्या असतात. कधीकधी मताघ हा विधी चालू असतो. आशीर्वादित मीठ चारून कोंबडा किंवा मेंढरू बळी देतात आणि मांस गोरगरिबांत, शेजाऱ्यांत वाटतात. चर्चमधून बाहेर पडताना माणसं वेदीकडे पाठ न करता उलट्या पावलांनी येतात. एकवीरेच्या पायथ्याशी वाढलेल्याला यातलं फारसं काही समजावून सांगावं लागणार नाही. इथे दिवसाचे सगळे धागे जुळतात: झरा आणि खडक आधीपासून पूजनीय होते, धर्म नंतर आला आणि त्याने त्यांना आपल्यात घेतलं.

एचमियाझिनचं मुख्य कॅथेड्रल, ६१८ मधलं ह्रिप्सिमेचं चर्च आणि झ्वार्तनोत्सचे अवशेष शहराच्या पश्चिमेला आहेत. चालक तीही याच दिवसात बसवून देतो म्हणेल. नको म्हणावं. त्यांना वेगळा दिवस हवा.

ज्यांना आर्मेनियापर्यंत जाणं जमणार नाही, त्यांच्यासाठी या परंपरेची एक खूण मुंबईतही आहे. फोर्टमधल्या मेडोज स्ट्रीटवर सेंट पीटरचं आर्मेनियन चर्च १७९६ मध्ये उभं राहिलं. त्याच्या दोनच वर्षं आधी, १७९४ मध्ये, जगातलं पहिलं आर्मेनियन नियतकालिक ‘अझदारार’ मद्रासमध्ये छापलं गेलं होतं. सुरत, आग्रा, कोलकाता, मद्रास, मुंबई अशा व्यापारी शहरांत पसरलेले हे आर्मेनियन लोक रेशमाचा आणि रत्नांचा व्यापार करत, आणि जिथे वस्ती होई तिथे चर्च बांधत. त्या चर्चमधल्या प्रार्थना ज्या लिपीत छापल्या जात, ती मेस्रोप माश्तोत्सने ४०५ साली तयार केली होती, खोर विरापच्या खड्ड्यातून ग्रिगोर बाहेर आला त्यानंतर शंभरेक वर्षांनी.