खाजनाचा बांध आणि सामाईक मालकीचे शास्त्र

मांडवी, जुवारी आणि गोव्यातल्या इतर नद्यांच्या मुखाकडच्या काठांवर मिळून सुमारे 18 हजार हेक्टर जमीन अशी आहे, जी निसर्गाच्या हिशेबाने भरतीच्या पाण्याखाली असायला हवी. भरती चढली की नदीची पातळी शेताच्या वर जाते आणि दोहोंच्या मध्ये उभा असतो तो फक्त एक बांध. या जमिनीला खाजन म्हणतात. इंदूर-वडोदऱ्याच्या वाचकांना हा शब्द नवा वाटेल. ज्यांचे मूळ घर रत्नागिरी-रायगडात आहे त्यांनी 'खारजमीन' तरी ऐकली असेल.

बांध आतून चिखलमातीचा, नदीच्या बाजूने जांभ्या दगडाने चिणलेला. त्यात ठरावीक ठिकाणी 'मानस' बसवलेली असते, म्हणजे लाकडी झडपांचे दार. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा झडप आपोआप मिटते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून बाहेर पडते. पावसाळ्यात गोडे पाणी जमिनीतले मीठ धुऊन काढते आणि कोरगुटसारखे खारे सोसणारे भात उभे राहते. कापणी झाली की मानस मुद्दाम उघडून खारे पाणी आत घेतात, आणि मानशीजवळच्या खोलगट 'पोंयी'त मासळी व कोळंबी साठते. भात, मासळी आणि कुठे कुठे मीठसुद्धा, सगळे एकाच जमिनीतून. यंत्र नाही, वीज नाही. मात्र एका ठिकाणी बांध फुटला की शेजाऱ्यापाजाऱ्यांसकट सगळ्यांचे शेत खारे होते. माझ्या वाट्याचा बांध मी नीट राखला, हे म्हणण्याला तिथे काही अर्थ उरत नाही.

अशा सामाईक गोष्टी टिकतात कशा, हा गेल्या अर्धशतकातल्या समाजशास्त्रीय संशोधनाचा एक मोठा प्रश्न आहे. 1968 मध्ये गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने एका गाजलेल्या लेखात असे मांडले, की सामाईक कुरणावर प्रत्येक जण आणखी एक गुरू सोडत राहणार आणि अखेर कुरणच संपणार. त्यावर दोनच उपाय सांगितले गेले, खासगी मालकी किंवा सरकारी ताबा. आपल्याकडच्या कित्येक अधिकाऱ्यांनी आणि कायदे करणाऱ्यांनी हे न वाचताच मानले होते, हे वेगळे! एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 च्या आपल्या ग्रंथात जगभरची उदाहरणे तपासून दाखवले, की तिसरी वाट शतकानुशतके चालू आहे. स्वित्झर्लंडमधल्या ट्योर्बेल गावाचा 1517 चा नियम पाहा: हिवाळ्यात जितक्या गाई तुम्ही स्वतःच्या चाऱ्यावर पोसू शकता, तितक्याच उन्हाळ्यात गावाच्या डोंगरकुरणावर पाठवायच्या. मोजायला सोपा आणि फसवायला अवघड असा नियम. 2009 मध्ये ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हार्डिन यांनीही पुढे कबूल केले, की आपले म्हणणे व्यवस्था नसलेल्या सामाईक मालमत्तेपुरतेच खरे होते.

हैदराबादच्या वाचकांना जवळचे उदाहरण कर्नूल जिल्ह्याचे. रॉबर्ट वेड यांनी तिथल्या कालव्यावरची गावे अभ्यासली. कालव्याच्या शेपटाकडच्या, पाण्याची ओढ असलेल्या गावांनी वर्गणी काढून पाणी वाटणारी माणसे नेमली होती. वरच्या भागातल्या, भरपूर पाण्याच्या गावांनी तसे काही केले नव्हते. त्यांची माणसे वाईट होती असे नव्हे, त्यांना गरज नव्हती. एकजूट ही सद्गुणांची गोष्ट कमी आणि हिशेबाची अधिक असते, असे माझे मत यामुळेच झाले आहे.

गोव्यात हा हिशेब गावकरी सांभाळत असे. पोर्तुगीजांनी 1526 मध्ये अफोंसु मेशिया याच्याकडून गावकरीचे रीतिरिवाज लिहून घेतले, तेव्हा ही संस्था आधीच जुनी होती. पुढे तिलाच कोमुनिदाद म्हणू लागले. जमीन गावाची, शेतांची ठरावीक मुदतीने 'पावणी' होई, म्हणजे लिलाव. जमा झालेल्या पैशातून सरकारचा कर, देवस्थानाचा खर्च आणि बांधाची डागडुजी आधी, आणि मग उरेल ते गावकरांना 'जोण' म्हणून वाटले जाई. आजच्या भाषेत ज्याला सामाजिक उद्योग म्हणतात त्याची कसोटी हीच असते: नफा होतो का हे तर विचारायचेच, पण नफ्यातून पहिला घास कोणाला मिळतो हेही विचारायचे. इथे पहिला घास बांधाचा होता. बांध फुटला तर जोण बुडणार, हे प्रत्येक गावकराला ठाऊक होते.

आता दुसरी बाजू. ही जोण घेणारे कोण? मूळ वसाहत करणाऱ्या घराण्यांचे पुरुष वंशज. चिखलात कमरेइतके उतरून बांध घालणाऱ्या कष्टकऱ्याला, दुसऱ्याच्या जागेत घर असलेल्या मुंडकाराला आणि गावकराच्या मुलीलाही या सभेत आवाज नव्हता. दामोदर धर्मानंद कोसंबी हे स्वतः गोव्याचे. 1947 मध्ये त्यांनी जुन्या काबिजादीतल्या ग्रामसंस्थांवर निबंध लिहिला, तेव्हा उपशीर्षकातच इतिहास आणि स्कंदपुराण यांना समोरासमोर उभे केले. परशुरामाने भूमी दिली या कथेपलीकडे जाऊन जमीन कोणाच्या हाती आणि का, हे विचारायला हवे, असा त्यांचा रोख. गावकरीचे गोडवे गाणाऱ्यांनी तो निबंध जरूर वाचावा.

मुक्तीनंतर 1964 चा कूळ कायदा आला आणि 1976 च्या दुरुस्तीने कसणारा जमिनीचा मालक झाला. हे व्हायलाच हवे होते. पण जमिनीचे तुकडे मालकीने वेगळे झाले आणि बांध मात्र एकच राहिला. त्याची जबाबदारी कूळ संघांकडे आली. कोमुनिदादचे खंडाचे उत्पन्न गेले आणि बांधाशी असलेला तिचा स्वार्थही गेला. कूळ संघाच्या हाती पैसा देणारी एक मोठी गोष्ट उरली, ती मानशीवरच्या मासेमारीची पावणी. त्याच काळात कोळंबीला निर्यातीचा भाव चढला. मानववंशशास्त्रज्ञ जॅनेट रुबिनॉफ यांनी याच 'गुलाबी सोन्या'ने खाजनात काय उलथापालथ केली ते मांडले आहे. पावणी घेणाऱ्याला खारे पाणी जास्त दिवस आत हवे असते, भात करणाऱ्याला ते लवकर बाहेर हवे असते. पूर्वी दोन्ही उत्पन्ने एकाच वहीत जमा होत, म्हणून तोल राहत होता. आता मासळीचा लाभ एकाचा आणि मिठाने जळणारे रोप दुसऱ्याचे. त्यात खनिज वाहणाऱ्या बार्जच्या लाटांनी बांध पोखरले, आणि मजुरीपुढे भात परवडेनासे झाले ते वेगळेच.

मग जुनी गावकरी परत आणावी काय? नाही. लाभ आणि दुरुस्ती एका हातात ठेवायला जन्माने मिळालेले सभासदत्व लागत नाही, याचा पुरावा आपल्याच भाषेच्या मुलुखात आहे. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंके यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता कुटुंबातल्या माणसांवर ठरवला: माणशी अर्धा एकर भिजेल इतके, आणि कुटुंबाला अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा मिळाला. उसाला पाणी नाही. योजनेच्या खर्चात लाभधारकांनी आपला हिस्सा घालायचा.

खाजनात असेच करायचे तर मासळीची पावणी आणि बांधाची डागडुजी एकाच वहीत आणावी लागेल. पावणीच्या पैशातला ठरलेला भाग आधी बांधासाठी बाजूला काढावा लागेल आणि मानस कोणत्या दिवशी मिटायची हे भात करणाऱ्याने ठरवावे लागेल. सभेत शेत कसणारी बाई, मासे पकडणारा आणि बांधावर राबणारा मजूर, तिघेही बसले पाहिजेत. यातले काहीही कायद्याच्या पुस्तकाला नवे नाही. अवघड आहे ते जमलेल्या हितसंबंधांना हात लावणे.

आणि यासाठी वेळ फार नाही. बांध फुटून शेतात सतत खारे पाणी राहिले, की थोड्याच वर्षांत तिथे खारफुटी उभी राहते. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे आणि ते योग्यही आहे. पण त्यामुळे एकदा ती झाडे मोठी झाली, की शेत परत मिळवायला निघालेल्या शेतकऱ्याला परवानगीवाचून कोयता चालवता येत नाही. उताऱ्यावर जमीन तेव्हाही भातशेती म्हणूनच लिहिलेली असते.