फर्निचरसंग्रह, इंग्रजी शैलीचा

इंग्लंडमध्ये सु. १५५० ते १८३० या काळात घडविलेल्या लाकडी खुर्च्या, मेजे, कपाटे, पेट्या इ. गृहोपयोगी वस्तू आणि त्यांच्या धर्तीवर पुढील काळात तयार झालेल्या प्रतिकृती अभ्यासपूर्वक जमविण्याचा छंद. नाणी किंवा टपाल तिकिटे यांच्या संग्रहाहून हा छंद दोन बाबतींत वेगळा आहे. एक म्हणजे संग्रहातील वस्तू बहुधा रोजच्या वापरात राहते. दुसरे असे, की तिच्यावर कर्त्याचे नाव वा घडणीचे साल क्वचितच असते. त्यामुळे वस्तू खरोखर जुनी आहे की केवळ जुनी भासते, हा प्रश्न संग्राहकाला प्रत्येक खरेदीच्या वेळी नव्याने सोडवावा लागतो. या छंदातील बहुतेक ज्ञान त्या एका प्रश्नाभोवतीच वाढलेले आहे.

‘प्राचीन’ कशास म्हणावे याविषयीचा संकेत बदलत आला आहे. पूर्वी १८३० हे वर्ष मर्यादा म्हणून मानीत. कारण त्यानंतर फर्निचरच्या घडणीत यंत्रांचा शिरकाव झाला, अशी समजूत होती. अमेरिकेच्या १९३० च्या जकात कायद्याने हेच वर्ष धरून त्यापूर्वीच्या वस्तूंना आयात करातून सूट दिली. १९६६ मध्ये तेथे शंभर वर्षांचा नियम आला आणि व्यापारात सामान्यतः तोच रूढ झाला. त्याचा एक परिणाम मोठा चमत्कारिक आहे. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत (१८३७–१९०१) अठराव्या शतकातील खुर्च्यांच्या ज्या नकला झाल्या, त्याही आता शंभरी ओलांडून ‘प्राचीन’ ठरल्या आहेत. अशी नकल प्राचीन म्हणून विकणे खोटे नव्हे. मात्र ती अठराव्या शतकातील म्हणून विकणे खोटे होय.

इंग्रजी फर्निचरचा इतिहास लाकडांच्या नावांनी सांगण्याची पद्धत पर्सी मॅक्वॉइड यांच्या चार खंडांच्या ग्रंथाने (१९०४–०८) रूढ केली. ओक, अक्रोड, मॅहॉगनी व सॅटिनवुड अशी चार युगे त्यांनी कल्पिली. सु. १६६० पर्यंत ओकच्या जड, खुंट्यांनी सांधलेल्या वस्तू प्रचारात होत्या. त्यानंतर अक्रोडाचे लाकूड व त्याचे पातळ पृष्ठपट (व्हेनिअर) आले. १७०९ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात यूरोपातील अक्रोडाची असंख्य झाडे मेली आणि १७२० मध्ये फ्रान्सने या लाकडाची निर्यात थांबविली. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिकेतील वसाहतींच्या लाकडावरील आयात कर उठविला, तेव्हा वेस्ट इंडीजमधील मॅहॉगनीचा मार्ग मोकळा झाला. रुंद फळ्या देणारे, सहसा न वाकणारे आणि बारीक कोरीव कामास योग्य असे हे लाकूड मिळाल्यामुळेच अठराव्या शतकातील सडपातळ व नक्षीदार खुर्ची शक्य झाली. अर्थात युगांची ही विभागणी श्रीमंतांच्या दिवाणखान्यापुरती खरी आहे. खेड्यांतील सुतार एकोणिसाव्या शतकातही ओक, एल्म व बीच हीच लाकडे वापरीत होते. केवळ ओक दिसले म्हणून वस्तू सतराव्या शतकातील मानणे ही नवशिक्या संग्राहकाची नेहमीची चूक होय.

चिपेंडेल, हेपलव्हाइट व शेरटन ही तीन नावे या क्षेत्रात सर्वांत अधिक ऐकू येतात. ती बहुतेक वेळा कारागिराची नव्हे, तर पुस्तकाची नावे असतात. टॉमस चिपेंडेल (१७१८–७९) याने १७५४ मध्ये आपल्या अभिकल्पांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सु. १६० चित्रपट होते. १७६२ च्या तिसऱ्या आवृत्तीत ते २०० झाले. हा ग्रंथ जसा गिऱ्हाइकांसाठी होता, तसाच इतर सुतारांसाठीही होता. त्यामुळे इंग्लंडच्या लहानमोठ्या गावांत, आयर्लंडमध्ये आणि अमेरिकेतील वसाहतींतही ‘चिपेंडेल’ खुर्च्या तयार होऊ लागल्या. जॉर्ज हेपलव्हाइट याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १७८८ मध्ये, त्याच्या पत्नीने प्रकाशित केला. त्याने स्वतः घडविलेली म्हणून निश्चितपणे सांगता येईल अशी एकही वस्तू आज ज्ञात नाही. ढालीच्या आकाराची पाठ असलेली खुर्ची त्याच्या नावाने ओळखली जाते, इतकेच. टॉमस शेरटन (१७५१–१८०६) याचीही स्थिती तीच आहे. खुद्द चिपेंडेलच्या वस्तूंवर शिक्का नसे. यॉर्कशरमधील हेअरवुड हाउस व नॉस्टेल प्रायरी किंवा स्कॉटलंडमधील डम्फ्रीझ हाउस येथील फर्निचर त्याच्या कारखान्याचे म्हणून खात्रीने सांगता येते, ते त्या घराण्यांनी जपलेल्या हिशेबांच्या कागदांमुळे. २००७ मध्ये डम्फ्रीझ हाउसमधील फर्निचर लिलावात विखुरले जाण्याच्या बेतात होते. तेव्हा वास्तू, तिची जमीन व आतील संग्रह मिळून सु. साडेचार कोटी पौंडांना खरेदी करण्यात आला. फर्निचर, त्याचे मूळ घर आणि त्याची बिले ही एकत्र राहिली, हेच तेथील संग्रहाचे खरे मोल आहे. कारागिरांत लँकेस्टरच्या गिलो या पेढीचा अपवाद सांगितला पाहिजे. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिने आपल्या अनेक वस्तूंवर शिक्का मारला आणि चित्रांसह हिशेबवह्याही राखल्या.

सारांश, नकल ही या शैलीत मागाहून शिरलेली विकृती नाही. छापील नमुन्यावरून वस्तू घडविणे हीच तिची मूळ रीत आहे. म्हणून केवळ आकारावरून वस्तूचे वय ठरविता येत नाही. ते लाकूड, हत्यारांच्या खुणा आणि झीज यांवरून ठरवावे लागते.

जाणकार संग्राहक प्रथम वस्तूची दर्शनी बाजू पाहत नाही. तो खण बाहेर काढतो, खुर्ची उलटी करतो आणि कपाटाची पाठ तपासतो. पूर्वीचा कारागीर न दिसणाऱ्या भागावर श्रम खर्च करीत नसे. तेथे रंध्याचे उंचसखल पट्टे, हातकरवतीच्या सरळ पण असमान रेघा आणि पॉलिश न लागलेले कोरडे, करडे झालेले लाकूड दिसावयास हवे. कमानीसारख्या वक्र रेघा दिसल्या, तर ते लाकूड गोल करवतीने कापलेले असते आणि अशी करवत एकोणिसाव्या शतकातच सर्वत्र प्रचारात आली. खणाच्या कोपऱ्यांतील डव्हटेल जोड, म्हणजे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारखी दाती एकमेकांत अडकविण्याची रचना, हाताने कापलेली असेल तर दाती कमीजास्त रुंद असतात. यंत्राने कापलेली सर्व सारखी. खणाच्या तळफळीचे तंतू समोरून मागे गेलेले असतील, तर खण बहुधा अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातील किंवा त्यापूर्वीचा असतो. पुढे ते डावीकडून उजवीकडे ठेवण्याची पद्धत पडली. हाताने कापलेला पृष्ठपट सु. दीड ते तीन मिमी. जाड असतो, तर यंत्राने काढलेला एक मिमी. पेक्षाही पातळ असतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीच्या मळसूत्री खिळ्याला टोक नसते आणि त्याच्या माथ्यावरील खाच बहुधा मधोमध नसते.

लाकडाचे आकुंचन हा सर्वांत विश्वसनीय साक्षीदार होय. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. त्यामुळे दोनशे वर्षांपूर्वी गोल कापलेला मेजाचा माथा आज मोजला, तर तंतूंच्या आडवा काही मिमी. कमी भरतो. तो दोन्ही दिशांनी तंतोतंत सारखा भरल्यास शंका घ्यावी. कातलेले पायही असेच किंचित लंबगोल होतात. बोटांच्या चिमटीत फिरविले असता ते कळते. झिजेच्या बाबतीत विचार असा करावयाचा, की ही वस्तू लोक कशी वापरीत असतील. खुर्चीच्या पुढच्या आडव्या दांडीवर टाचा टेकतात, हातांच्या टोकांवर तळहात फिरतात, मागचे पाय ओढले जातात. झीज तेथेच हवी. सर्वत्र सारखी झीज ही बहुधा काथ्या, साखळी आणि वाळूचा कागद यांची करामत असते. लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्याची छिद्रेही अशीच बोलकी असतात. कीटक पृष्ठभागावर फक्त गोल छिद्र करून बाहेर पडतो. त्याचे आतले बोगदे उघडे पडलेले दिसले, तर ते लाकूड किडल्यानंतर पुन्हा कापले गेले आहे, म्हणजेच जुन्या लाकडातून नवी वस्तू केलेली आहे, असे समजावे.

संपूर्ण बनावट वस्तूंपेक्षा अर्धवट खऱ्या वस्तू अधिक आढळतात आणि त्याच अधिक फसव्या असतात. एका मेज-कपाटाचा खालचा भाग व दुसऱ्याचे वरचे पुस्तककपाट एकत्र बसविले, की त्यास व्यापारी भाषेत ‘विवाह’ म्हणतात. मोठे कपाट कापून लहान करणे (लहान घरांमुळे लहान वस्तूंना किंमत अधिक येते), चार खुर्च्यांचे भाग वाटून सहा करणे, साध्या अठराव्या शतकातील मेजावर व्हिक्टोरियन काळात कोरीव काम करणे, हे प्रकारही सर्रास घडले. हर्बर्ट सेसिन्स्की या अभ्यासकाने १९३१ मध्ये बनावट फर्निचरच्या कलेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला.

मोठ्या संस्थाही या फसवणुकीतून सुटलेल्या नाहीत. मॅसॅचूसेट्समध्ये स्थायिक झालेल्या इंग्रजांनी सतराव्या शतकात कातलेल्या दांड्यांच्या भारदस्त खुर्च्या केल्या. त्यांपैकी ‘ब्रूस्टर खुर्ची’ प्रसिद्ध आहे. आर्मंड लामाँटेन या ऱ्होड आयलंडमधील शिल्पकाराने १९६९ मध्ये तशी एक खुर्ची घडविली व कृत्रिम रीतीने जुनी केली. तज्ञांना चकविता येते हे दाखविणे हा त्याचा हेतू होता. खुर्ची हातोहात फिरून मिशिगनमधील हेन्री फोर्ड संग्रहालयात अस्सल म्हणून दाखल झाली. १९७७ मध्ये खरा प्रकार उघडकीस आला. आपल्या म्हणण्याला पुरावा राहावा म्हणून त्याने भोके आधुनिक गिरमिटाच्या पात्याने पाडली होती आणि ती सांध्यांच्या आत लपलेली होती. संग्रहालयाने खुर्ची फेकून न देता फसवणुकीचा नमुना म्हणून ठेवली, हे उचित झाले.

प्रामाणिक प्रतिकृतींचा संग्रह हा मात्र कमी प्रतीचा छंद मानण्याचे कारण नाही. व्हर्जिनियातील विल्यम्सबर्ग या जतन केलेल्या वसाहतकालीन नगरातील वस्तूंच्या मोजमाप घेऊन केलेल्या प्रतिकृती १९३७ पासून अधिकृत शिक्क्यासह विकल्या जाऊ लागल्या. मूळ वस्तूचे प्रमाण, लाकूड व जोड यांत तंतोतंत उतरले असतील, तर अशी खुर्ची वापरास अस्सल खुर्चीपेक्षा मजबूत असते आणि तिच्याबद्दल कोणाची दिशाभूल होत नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंडोनेशियातील जेपारा व राजस्थानातील जोधपूर येथून इंग्रजी धर्तीच्या वस्तू मोठ्या प्रमाणावर निर्यात होऊ लागल्या. त्यांची प्रत सारखी नाही. शिक्का पुसला वा खरवडला गेला, की प्रतिकृतीची बनावट वस्तू होते. लाकूड तेच राहते, बदलतो तो फक्त विक्रेत्याचा शब्द.

भारताशी या विषयाचा संबंध जुना आहे. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांसाठी सुटे करून वाहून नेता येईल असे, पितळी कोपरे बसविलेले मोहिमेचे फर्निचर इंग्लंडात तसेच येथेही तयार होई. विशाखापट्टणमच्या कारागिरांनी अठराव्या शतकात इंग्रजी नमुन्यांवर हस्तिदंताचे जडावकाम केले. एकोणिसाव्या शतकात मुंबईत शिसवीच्या गच्च कोरीव कामाच्या खुर्च्या, कोच व मेजे तयार होत. आकार इंग्रजी आणि नक्षी देशी अशा या फर्निचरला स्वतंत्र ओळख मिळालेली आहे. जुन्या मराठी व पारशी घरांत, तसेच मुंबईच्या चोरबाजारातील मटन स्ट्रीटवर अशा वस्तू पाहावयास मिळतात. त्यांना इंग्रजी फर्निचरची दुय्यम नकल समजणे चुकीचे आहे. सागवान किंवा शिसवी हे लाकूडच त्यांचे जन्मस्थान सांगते. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू खाजगी व्यक्तीस भारताबाहेर नेता येत नाहीत, हे परदेशस्थ खरेदीदारांनी ध्यानात ठेवावे लागते.

परदेशांतही आता लाकडाच्या जातीकडे कायद्याची नजर असते. ब्राझीलचे रोझवुड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. ब्रिटनमध्ये २०२२ पासून हस्तिदंताच्या विक्रीवर कडक निर्बंध आले. त्यामुळे हस्तिदंती चकत्या जडविलेल्या जुन्या पेटीलाही नोंदणी लागते. किंमतींच्या बाबतीत २००० नंतर मध्यम प्रतीच्या मॅहॉगनी फर्निचरची मागणी बरीच घसरली. आपल्या नातवंडांसाठी गुंतवणूक म्हणून घेतलेली अनेक खणकपाटे खरेदीच्या किंमतीलाही विकली गेली नाहीत. उलट, बेताच्या उत्पन्नाच्या संग्राहकास अस्सल वस्तू घेण्याची अशी संधी आधीच्या दोन पिढ्यांना क्वचितच मिळाली होती.

जपणुकीत सर्वांत मोठे नुकसान अज्ञ दुरुस्तीने होते. लाखेचे चकचकीत पॉलिश इंग्लंडमध्ये सु. १८२० नंतर प्रचारात आले. त्यापूर्वीच्या वस्तूचा मेण व हाताळणी यांनी चढलेला मंद रंग खरवडून तिच्यावर ते चढविले, की रंग कायमचा जातो आणि वयाचा पुरावाही. केंद्रीय तापन असलेल्या कोरड्या घरात फळ्या तडकतात, तर मुंबई-कोकणच्या दमट हवेत सरस सैल होऊन पृष्ठपट फुगतो. अशा वेळी आधुनिक कृत्रिम गोंद न वापरता प्राणिज सरसच लावतात, कारण ऊब व ओलावा देऊन तो जोड पुढे केव्हाही पुन्हा उकलता येतो.